चौऱ्याण्णव यार्ड

"पहिला ट्रॉटर. त्यात चर्चा कसली करायची? दुसऱ्यापासून सुरू करा," असं म्हणत डब एव्हरेटनं कागदावर पहिली ओळ लिहूनही टाकली.

कॉलेजच्या लायब्ररीत लांब टेबलाभोवती आम्ही सातजण बसलो होतो. आमच्या फुटबॉल टीमला, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमला, यंदा शंभर वर्षं झाली. त्या शंभर वर्षांतले सर्वांत थोर पंचवीस खेळाडू निवडायचे आणि त्यांना एकापासून पंचवीसपर्यंत क्रमानं लावायचं, असं हे काम. टीमचं नाव हेरॉन्स, म्हणजे बगळे. मिसिसिपीच्या आमच्या या चिखलात दुसरं कोण ऐटीत उभं राहणार!

डब म्हणजे आमच्या गावच्या रेडिओचा आवाज. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला, पण अजून बोलतो ते माईकसमोर बोलल्यासारखं. इतिहास शिकवणाऱ्या प्रोफेसर बेल अध्यक्ष. बाकीचे चौघे माजी खेळाडू, त्यांचं एकमेकांशी कधी पटलेलं नाही. आणि सातवी मी, व्हर्नेल पिट्स. चव्वेचाळीस वर्षं मी टीमची शिवणखोली सांभाळली. कपडे धुतले, रफू केले, जर्सीवर नंबर शिवले. मला समितीत घेतलं ते कौतुकापोटी. मी काही बोलेन असं कुणाला वाटलं नव्हतं.

"नववा कोण? तो नुसता चेंडूला लाथ मारणारा?" चौघांपैकी एकजण म्हणाला. "अहो, सामन्यात चारदा मैदानात यायचा तो. माझी आजी त्याहून जास्त वेळा परसाकडे जायची."

"त्याच्या लाथेनं तीन वर्षं जिंकलो आपण," दुसरा म्हणाला.

"आणि बिग टिब्ज? त्याला कुठे बसवायचं?"

"टिब्जनं जन्मात चेंडूला हात लावला नाही. नुसता समोरच्याला ढकलत राहिला. आकडे काय देणार त्याचे?"

तेव्हा मी तोंड उघडलं. "पुढून मळलेला आणि मागून मळलेला, खेळाडू दोनच प्रकारचे असतात. जो समोरच्याला पाडतो तो पुढून मळतो, जो पडतो तो मागून. टिब्जच्या कपड्यांची पाठ चार वर्षांत कधी मळली नाही. मी धुतलेत ते."

सगळे हसले. टिब्जला पंधरावा नंबर मिळाला.

"आणि ट्रॉटरचे कपडे कसे असायचे गं?" डबनं मिश्कीलपणे विचारलं.

"स्वच्छ," मी म्हटलं.

त्यावर तर टेबल हादरेपर्यंत हसले. ट्रॉटरला कुणी पकडूच शकत नसे, असा त्यांनी त्याचा अर्थ घेतला.

कॉर्नेलियस ट्रॉटर, बावीस नंबर. त्या काळी पळणाऱ्या खेळाडूंना मुद्दाम विरविरीत कापडाच्या जर्स्या देत. कुणी मागून पकडलं की चिंधी त्याच्या हातात आणि गडी पसार. मग तो कडेला येणार, मी ढिगातली नवी काढून देणार, की हा पुन्हा आत. एका सामन्यात दहा-बारा सहज लागायच्या. नियमानं ते बंद झालं, पण आमच्या वेळी ती चैन होती आणि ती एकट्या ट्रॉटरला होती. बाकीच्यांना जाड कापडाची एकेकच जर्सी.

बैठक उठता उठता प्रोफेसर बेल म्हणाल्या, "मिस व्हर्नेल, एक विनंती आहे. या पंचवीसजणांच्या खऱ्या जर्स्यांची आपण एक गोधडी करूया. पाच ओळी, ओळीत पाच चौकोन, प्रत्येकाखाली नाव भरलेलं. पहिला नंबर मधोमध. होमकमिंगच्या, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या, जेवणाला तुमच्याच हातानं पडदा ओढायचा. तुमच्याशिवाय हे कोण करणार?"

"करते की," मी म्हटलं. मधोमध कोण, ते माझं त्याच क्षणी ठरलं होतं.

---

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी पुठ्ठ्याचे पंखे वाटतात. पंख्याच्या एका बाजूला 'ट्रॉटर अँड सन्स, अंत्यसंस्कार व्यवस्था, अखेरच्या प्रवासात तुमच्यासोबत' आणि फोन नंबर. दुसऱ्या बाजूला तो फोटो. पाठमोरा खेळाडू, बावीस नंबर, चिखलानं माखलेला, आणि त्याच्या आसपास चिटपाखरू नाही. हा फोटो न्हाव्याच्या दुकानात आहे, बँकेत आहे, कॉलेजच्या पायऱ्यांवर तर दगडात कोरलाय. गिलियड कॉलेजविरुद्धची शहात्तर सालची चौऱ्याण्णव यार्डांची धाव. मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत.

दर रविवारी मी त्यातला एक पंखा पर्समध्ये घालून घरी आणायची आणि चुलीत घालायची. सहा वर्षांत तीनशे तरी जाळले असतील. ट्रॉटरनं छापत राहावं, मी जाळत राहावं.

कारण त्या फोटोत ट्रॉटर नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे, एझेल.

त्या दिवशी पाऊस असा होता की चेंडू आणि चिखल यांतला फरक कळू नये. सामन्याचा शेवटचा पाव भाग उरला होता. पोटऱ्यांत गोळे आले म्हणून ट्रॉटर घोंगडी पांघरून बाकावर बसला. कोच बिलप्सनं एझेलला आत जायला सांगितलं. एझेलचा नंबर अडतीस. पण आधीच्या झटापटीत त्याची जर्सी खांद्यापासून कमरेपर्यंत फाटली होती, शिवायला वेळ नव्हता. माझ्यापुढे ढीग होता तो बावीस नंबरचा. मी वरची उचलली आणि म्हटलं, "घाल ही. उघडा जाणारेस का?"

ती त्याच्या डोक्यातून जाईना. ट्रॉटरची मान बगळ्याची, एझेलची बैलाची. मी मागून गळा कात्रीनं चिरला, त्याच्या डोक्यातून जर्सी ओढली आणि आमच्या डब्यातली मोठी पिन, लहान मुलांच्या लंगोटाला लावतात तसली, पांढऱ्या डोक्याची, चिरेवर लावून टाकली. "पळ," मी म्हटलं. तो पळाला.

आणि मग तो असा पळाला की मी आजवर तसं कुणाला पळताना बघितलं नाही.

वरच्या खोलीत डब माईकसमोर होता. त्याला चिखलात फक्त नंबर दिसला. तो ओरडला, "ट्रॉटर!" वर्तमानपत्रवाल्यांनी तेच लिहिलं. शिकागोच्या व्यावसायिक टीमसाठी खेळाडू बघायला आलेली दोन माणसं छत्रीखाली बसली होती, त्यांनीही तेच टिपून घेतलं. एझेल परत आला तेव्हा धापा टाकत हसत होता. मैदानात घुसलेले लोक ट्रॉटरच्या पाठीवर थापा मारत होते, आणि ट्रॉटर उठून उभा राहून त्या घेत होता.

सोमवारी कोच शिवणखोलीत आला. "व्हर्नेल, रेडिओवर नाव गेलं ते गेलं, टीममधल्या पोरांना मी गप्प बसवलंय. त्या पोराकडे शिकागोची माणसं बघतायत. आपल्या कॉलेजातून कुणी तिथवर गेलेलं नाही. एझेलची पुढच्या वर्षी पाळी येईलच." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "तुझं हे हंगामी काम कायमचं करायचं म्हणतोय. विम्यासकट." आमच्या आईचा एक पाय साखरेनं गेला होता, दुसरा जायच्या बेतात होता. मी हो म्हटलं. एझेलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "राहू दे गं, व्ही. अजून कितीदा तरी पळेन मी."

पुन्हा पळालाच नाही. पुढच्या वसंतात आईचा दुसरा पायही गेला, आणि एझेल कॉलेज सोडून मासळीच्या तळ्यांवरचे पंप दुरुस्त करायला लागला. चाळीस वर्षं गुडघाभर पाण्यात काढली त्यानं.

दरवर्षी होमकमिंगला रेडिओवर डब ती धाव पुन्हा म्हणून दाखवतो. एझेल आपल्या ट्रकमध्ये बसून ऐकायचा. मी कितीदा तरी शेजारी बसलेली आहे. "...चाळीस... तीस... वीस... मागे कोणी नाही, मागे फक्त पाऊस..." इथवर आलं की एझेल बटण फिरवून रेडिओ बंद करायचा. नाव कधी ऐकायचा नाही. मग ट्रक चालू करून म्हणायचा, "चल, भूक लागली."

सहा वर्षांपूर्वी एझेल गेला. गावात दुसरं कोण आहे, ट्रॉटरनंच पुरलं त्याला. वर चर्चमध्ये उभा राहून चार शब्दही बोलला. "ब्रदर एझेल माझ्यामागे बाकावर असायचा. बाकावर बसण्यातही एक इमान असतं, आणि ते त्यानं आयुष्यभर पाळलं." लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. त्या क्षणापर्यंत मी त्या माणसाला माफ करायचा प्रयत्न करत होते, देवाशपथ. तिथून पुढे केला नाही.

---

गोधडीसाठी जर्स्या यायला लागल्या. कुणाच्या मुलीनं टपालानं पाठवली, कुणाच्या विधवेनं रडत आणून दिली. चोवीस जमल्या. जेवणाला पाच दिवस उरले तेव्हा ट्रॉटर माझ्या दारात उभा राहिला. हातात बायकोनं केलेला पाउंड केक, डोक्यावर राखाडी हॅट.

"सिस्टर पिट्स," तो म्हणाला, आणि मग हसून, "व्हर्नेल, अगं, माझी एखादी जर्सी असेल ना तुझ्याकडे? माझ्याकडे एक उरली नाही. ज्या फाटल्या त्या फाटल्या, बाकीच्या पोरींनी नेल्या."

"बैस. आहे एक. धड आहे, एकसुद्धा चिंधी निघालेली नाही. गळ्याची मागची चीर तेवढी सोडून."

मी आत जाऊन उशीचा अभ्रा आणला आणि त्यातली जर्सी टेबलावर पसरली. चिखल वाळून पापड्या झाला होता. पिनेला गंज चढला होता, पण डोकं अजून पांढरं होतं.

त्यानं वाकून बघितलं. मग हॅट काढून मांडीवर ठेवली.

"धुतली नाहीस?"

"चिखल त्याचा आहे. मी कोण धुणारी?"

"त्या दिवशी मला खरंच गोळे आले होते, व्हर्नेल."

"मी काही विचारलं का?"

"कोचनं ठरवलं सगळं. मी एकवीस वर्षांचं पोर होतो."

"तोही एकवीसचाच होता."

ट्रॉटरनं केकच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. माणसं पुरून पुरून त्याला एक मऊ आवाज जमलाय, तो त्यानं काढला. "बरं, आता तुला काय हवंय? एझेलचं नाव? घालूया की. पंचविसावा. मी बेलबाईंशी बोलतो, माझा शब्द त्या मोडणार नाहीत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पंचविसावा? कॉर्नेलियस, मी त्याची बहीण आहे, तरी सांगते, एझेल पंचविसातच काय, पन्नासातही बसत नाही. त्याच्या हातून चेंडू सुटायचा. डावी-उजवी कळायची नाही त्याला. मला त्याला यादीत चढवायचं नाही. मला तुला त्या चौऱ्याण्णव यार्डांवरून खाली उतरवायचंय."

"म्हणजे?"

"शनिवारी तू भाषण करणार. दरवर्षी सांगतोस तशी ती धाव सांगणार. यंदा खरं सांग. तुझ्या तोंडानं सांगितलंस तर मी ब्र काढणार नाही. नाही सांगितलंस तर मी आहेच."

त्यानं हॅट उचलली, पण उठला नाही. "आणि तुझी शिवणखोली? ती कशी मिळाली, तेही लोकांना सांगायचं का? कोच त्या सोमवारी तुझ्याकडे आला होता. मला माहीत नाही असं वाटलं तुला? मी धाव खाल्ली म्हणतेस. तू काय खाल्लंस, व्हर्नेल?"

वर्मावर बोट ठेवलं त्यानं. सत्तेचाळीस वर्षं मीही स्वतःला तेच विचारत आले होते.

"सांग," मी म्हटलं. "तेही सांग. पण क्रमानं सांग. आधी तुझं, मग माझं."

तो गेला. केक तिथेच राहिला. मी तो शेजारच्या कोंबड्यांना घातला. त्यांनी आवडीनं खाल्ला.

रात्रीपर्यंत थांबले नाही, दुपारीच सुई घेतली. मधल्या चौकोनात बावीस नंबर पाठमोरी लावली, पिन वर दिसेल अशी, चिखल न झाडता. खाली नाव भरलं. ट्रॉटर खरं बोलला तर ते नाव शोभेल, खोटं बोलला तर तेच बोलेल, असा हिशेब केला.

---

शनिवारी दुपारी कॉलेजच्या जिममध्ये तीनशे माणसं जेवायला. तळलेली कॅटफिश, पाल्याची भाजी, मक्याचा ब्रेड, लिंबाचं सरबत. बाहेर बँड वाजत होता. गोधडी मंचावर निळ्या पडद्याआड टांगलेली, आणि तिच्याशेजारी दोरी धरून मी.

ट्रॉटर माईकसमोर आला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. तो हात वर करून त्यांना बसवत होता आणि बसवता बसवता त्याची नजर माझ्याकडे वळली. मी दोरी जराशी सैल धरली.

"मित्रहो," तो म्हणाला, आणि थांबला. पाण्याचा घोट घेतला. खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं, हा सांगणार. माझ्या मनात त्याच्याबद्दल काहीतरी हललंसुद्धा.

"त्या दिवशी पाऊस असा होता," तो म्हणाला, "की चेंडू कुठला आणि चिखल कुठला, कळत नव्हतं..."

मी त्याला सगळं सांगू दिलं. चेंडू छातीशी कसा धरला, पहिल्या गड्याला कसा चुकवला, दुसऱ्याच्या हातात नुसती हवा कशी राहिली. रंगवून सांगत होता. पन्नासाव्या यार्डाला त्याला म्हणे त्याच्या मेलेल्या आजीचा आवाज आला. ही आजी दोन वर्षांपूर्वी गोष्टीत आली होती. शेवटी म्हणाला, "आणि मी मागे वळून बघितलं, तर मागे कोणी नाही. मागे फक्त पाऊस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. तो थांबेपर्यंत मी थांबले. मग दोरी ओढली.

आधी लोक 'वाहवा' म्हणाले. मग पुढच्या टेबलावरची एक बाई चष्मा वर करून वाचायला लागली. ती कुजबुज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना मला दिसत होती. मधोमध बावीस नंबर, चिखलासकट. खाली लाल दोऱ्यानं भरलेलं नाव: एझेल पिट्स.

प्रोफेसर बेल लगबगीनं माझ्याजवळ आल्या. "मिस व्हर्नेल, नावात काही चूक झालीय का?"

"चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हातून एक नाव चुकलेलं नाही, बाई," मी म्हटलं, आणि तिथला माईक माझ्याकडे ओढला. "ही जर्सी त्या दिवशी माझ्या भावाच्या अंगावर होती. त्याची फाटली म्हणून मी दिली. गळा घट्ट व्हायला लागला म्हणून मागून कापला आणि पिन लावली. ती पिन इथे आहे. तुमच्या प्रत्येकाच्या घरी ट्रॉटरचा पंखा आहे. फोटोत मानेमागे पांढरा ठिपका आहे, तो बघा. इतकी वर्षं तुम्ही त्याला छपाईचा डाग म्हणत होतात."

बाहेर बँड वाजतच होता.

ट्रॉटर खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्यांदा म्हणाला, "विचारा तिला, सत्तेचाळीस वर्षं गप्प का बसली! गप्प बसायची नोकरी मिळाली होती तिला. कोचनं दिली. पेन्शन खाते अजून."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. यातली निम्मी पोरं माझ्या शिलाईच्या जर्स्या घालून खेळली होती.

"हो," मी म्हटलं. "खाल्ली. आईचे पाय जात होते, खाल्ली. भावाला विकून खाल्ली. मी चांगली बाई आहे असं मी म्हटलेलं नाही. ती धाव त्याची आहे, एवढंच म्हणते."

मग डब उठला. काठी टेकत टेकत तो मंचावर चढला, त्याला बराच वेळ लागला. खिशातून चष्मा काढला आणि गोधडीला नाक लावून ती पिन बघितली. बोटानं चाचपली. त्याच्या आयुष्यात लोकांनी लक्षात ठेवलेलं एवढं एकच वाक्य होतं, आणि ते चुकीचं निघत होतं.

"पोरी," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला नंबरच दिसत होता गं. चिखलात दुसरं काही दिसतच नव्हतं."

"माहीत आहे, डब."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

त्यानं माईक घेतला. घसा साफ केला. आणि ती धाव म्हणायला लागला. प्रत्येक होमकमिंगला म्हणतो तीच, पण आवाज आज फाटत होता. "...पन्नास... चाळीस पार केली... तीस... वीस... मागे कोणी नाही, मागे फक्त पाऊस..."

तो थांबला. माझी बोटं आपोआप आवळली. इथे बटण फिरतं. इथे ट्रकमध्ये शांतता होते आणि कुणीतरी म्हणतं, चल, भूक लागली.

"एझेल पिट्स!" डब ओरडला. "बावीस नंबर घालून एझेल पिट्स! चौऱ्याण्णव यार्ड!"

नेमक्या त्या घटकेला मला ट्रॉटरचं तोंड बघायचं होतं. सहा वर्षं मी पंखे जाळले ते त्या एका दृश्यासाठी. पण मी बघायचंच विसरले. मी पडद्याची दोरी तोंडावर घट्ट धरून उभी होते, आणि माझ्या बाजूला कुणी नव्हतं की ज्याच्या हातावर मी हात ठेवावा.

---

दोन आठवड्यांनी समिती पुन्हा बसली. एझेलला पहिल्या नंबरावर ठेवता येणार नाही, असं प्रोफेसर बेलनी फार जपून जपून सांगितलं. "एका धावेवर..."

"अहो, मीच सांगते ना, तो त्यात बसत नाही," मी म्हटलं. "काढा."

चौघं पुन्हा भांडले. ती धाव वजा केल्यावर ट्रॉटर आठवा निघाला. पहिला निघाला बिग टिब्ज, ज्यानं चेंडूला जन्मात हात लावला नाही. टिब्जसाठी मत मागताना डब म्हणाला, "कपडे धुणाऱ्या बाईचं मी आधीच ऐकायला हवं होतं."

मी माझ्या हातानं मधला चौकोन उसवला. टिब्जची जर्सी तिथे लावली. बावीस नंबर पुन्हा उशीच्या अभ्र्यात घालून घरी आणली. आठव्या चौकोनाखाली ट्रॉटरचं नाव भरलं, एकेक अक्षर सुबक. वर मात्र कोरं कापड आहे. त्याच्याकडे जर्सी नाही.

पुढच्या रविवारी चर्चमधला एसी बंद पडला. ऑक्टोबर अर्धा उलटला तरी हवेत दमटपणा एवढा की पुस्तकाची पानं बोटांना चिकटत होती. दारातल्या पोरींनी पंखे वाटले. नवे छापायला अजून वेळ मिळाला नव्हता, तेच होते.

मी पंखा पर्समध्ये घातला नाही. फोटोची बाजू माझ्याकडे धरली. मानेमागचा तो ठिपका बघत बसले. तीनशे वेळा मी याला चुलीत घातलं होतं, आणि प्रत्येक वेळी ट्रॉटरला जाळतेय असं मला वाटलं होतं. जळत होता माझा भाऊ.

पाद्रीबाबा बोलत होते. मी मान वर केली, तर सगळ्या बाकांवर पंखे हलत होते. लहान पोरं, म्हाताऱ्या, गाणारे, सगळे. जिकडे बघावं तिकडे एझेल पळत होता, आणि त्याच्या मागे कोणी नव्हतं.

ट्रॉटर डीकनच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याच्या, खुर्चीत पुढेच बसला होता. त्याची कॉलर घामानं भिजून गळ्याला चिकटली होती, कानशिलावरून धार लागली होती. पंखा त्याच्या मांडीवर पालथा पडला होता. पाद्रीबाबांचं बोलणं चांगलं तासभर चाललं. मी सबंध तासभर त्याच्याकडे बघत होते. त्यानं तो उचलला नाही.